साठ वर्षांचा डाग, दहा दिवसांत

व्हर्ना लुंडीनचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. कारखान्याचा भोंगा सहाला व्हायचा. पण चाक भोंगा ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. आदल्या दुपारी ती लाकडी चाकाच्या कातडी धावेला गरम सरस लावायची, ते एमरीच्या, म्हणजे घासायच्या कुरुंद दगडाच्या, पुडीत लोळवायची आणि वाळत ठेवायची. सकाळपर्यंत त्यावर दगडासारखं कवच चढे. तसंच पात्याला लावलं तर पातं नाचतं. म्हणून आधी लोखंडी नळीने ठोकून कवचाला बारीक तडे पाडायचे, तिरपे, सगळे सारख्या अंतरावर. हे नीट करायला पाऊण तास लागतो. वाईट करायला पाच मिनिटं पुरतात, आणि आमच्याकडे बहुतेकांना पाच मिनिटं पुरत.

आमचं गाव पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाला, न्यूयॉर्कच्या हद्दीला खेटून. गावात दोन चर्च, एक दारूचं दुकान आणि खिशातले चाकू बनवणारा कारखाना. मी साणेवर पाती घासायचो. माझ्यापासून बारा फुटांवर व्हर्ना त्या पात्यांना आरसा करायची. मी एका पात्याला दीड मिनिट देई, ती नऊ मिनिटं. त्यामुळे तिच्यापुढे माझ्या पात्यांचा ढीग कायम असे आणि ढिगाबद्दल बोलणी मात्र तिलाच बसत.

हातमोजे ती घालत नसे. पातं तापलं तर आधी अंगठ्याला कळलं पाहिजे. पिवळसर झाक आली की पोलादाचा कस गेला, मग ते पातं चमकवून लोणी कापायला ठेवा. एमरीच्या तीन चाकांनंतर शेवटी तांबड्या पुडीचं मऊ चाक. ते झालं की ती पातं छापील कागदासमोर धरायची. पात्यात अक्षरं वाचता आली तर पास. अक्षर जरा पसरलं की परत पहिल्या चाकावर. असं बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तपासनीस तर पाती टोपलीने मोजायचा.

भिंतीवर कारखान्याच्या संस्थापकाचं वाक्य हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं: ‘या दारातून निस्तेज पातं बाहेर जाणार नाही.’ संस्थापक वारून सत्तर वर्षं झाली होती. त्याचं वाक्य गंभीरपणे घेणारी व्हर्ना तेवढी उरली होती.

तिच्या दातांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दातांसाठी आहे. नोकरीच्या अकराव्या वर्षी चाकाने एक पातं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि तिच्या तोंडावर आणून टाकलं. वरचे दोन दात तिथेच गेले. कंपनीने ताबडतोब उपाय केला. तिच्या चाकावर ‘सावधान’ अशी पाटी लावली. शेजारचे दात आधार गेल्यामुळे एकेक करून सैल झाले, पडले. सफरचंद तिला भारी आवडे, पण चावता येईना. ती खिशातल्या चाकूने त्याच्या पातळ चकत्या करायची आणि एकेक चकती जिभेवर ठेवून वाट बघायची. पन्नाशीपासून ती तोंडावर हात धरून हसायची. फारसं हसावं लागत नसे, ही कारखान्याची मेहेरबानी.

तीस वर्षं भरली की कारखाना प्रत्येकाला एकरकमी चेक देई. कुणी त्यातून बोट घेई, कुणी हरणांच्या शिकारीसाठी डोंगरात खोपटं बांधी. व्हर्नाने तो चेक नऊ वर्षांपूर्वीच मनात खर्च करून टाकला होता. वरचे सगळे दात, पक्के बसवलेले. मध्येच नोकरी गेली तर चेक नाही. एक दिवस कमी भरला तरी नाही.

आणि आठ महिने राहिले असताना तो चाकू आला.

दुरुस्तीच्या टेबलावर गावोगावचे जुने चाकू येत. हा आमच्याच कारखान्याचा, १९४४ सालचा, दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा. स्प्रिंग मोडली होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘स्प्रिंग बदला.’ बक ओस्ट्रँडर नावाचा आमचा दुरुस्तीवाला चाकू खोलायचा, मोडका भाग लहान पाकिटात घालायचा, पाकीट चिठ्ठीला टाचायचा आणि पाती व्हर्नाकडे द्यायचा. दुरुस्तीला आलेला चाकू चमकवूनच परत जाई, फुकट. तशी रीतच होती. त्या रीतीवर कुणी कधी आक्षेप घेतला नव्हता, कारण सहसा बक ते काम स्वतः करायचा, आणि बकने चमकवलेलं पातं मालकाला ओळखू येण्याइतपत मळकट राहायचं.

त्या दिवशी बकचं कंबरडं धरलं होतं. म्हणून पाती व्हर्नाकडे आली.

ती मला हाक मारून म्हणाली, “लेस्टर, हे पोलाद बघ. आता असं येत नाही.”

पातं काळं-निळं पडलेलं होतं, कुठे राखाडी, कुठे जांभळट. मी म्हणालो, “पुसून दे नि मोकळी हो.”

“साठ वर्षांत कुणी हात लावलेला नाही याला. एकदा तरी नीट होऊ दे बिचाऱ्याचं.”

तिने त्या दोन पात्यांना साडेतीन तास दिले. जेवणाची सुट्टी दिली, आणि भोंगा झाल्यावरचा एक तासही. असं काम मी आयुष्यात पाहिलं नाही. त्या पात्यात भिंतीवरचं संस्थापकाचं वाक्य उलटं पण स्वच्छ वाचता येत होतं. कामचुकार माणसाने केलं असतं तर काही बिघडलं नसतं. बिघाड असा जीव ओतून केल्याशिवाय होत नाही.

आठ दिवसांनी चाकूचा मालक स्वतः गाडी हाकत आला. कर्टिस हॅवरस्टिक, ईरीहून, विम्याचं काम करणारा, पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला. आमचा मॅनेजर ब्रेंट स्टॉफर याने व्हर्नाला बोलावलं. व्हर्नाला वाटलं, आभार मानायला आला असेल. कामाचं कौतुक ऐकताना साक्षीदार असावा म्हणून तिने मलाही बरोबर घेतलं. बिचारीने एप्रनही झटकला होता.

हॅवरस्टिकने चाकू टेबलावर उघडून ठेवला होता. खिडकीचा उजेड त्यावर पडून छतावर नाचत होता.

“हे तुम्ही केलंत?” त्याने विचारलं.

“हो,” व्हर्ना म्हणाली. “दोन्ही पाती.”

“मी स्प्रिंग बदलायला दिली होती, बाई.”

“स्प्रिंग बदलली आहे. पॉलिशचे पैसे नाही घेत आम्ही.”

त्याने चाकू तिच्याकडे सरकवला. मग म्हणाला, “हा चाकू माझ्या वडिलांच्या खिशात साठ वर्षं होता. मार्चमध्ये ते गेले. त्या पात्यावर जे होतं ना, तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.”

“पात्यावर डाग होते,” व्हर्ना म्हणाली. तिला खरंच कळेना.

“त्या डागांत माझे वडील होते.”

व्हर्ना म्हणाली, “मग तुमच्या वडिलांना मी साडेतीन तास दिले आहेत. इतका वेळ इथे कुणालाच मिळत नाही.”

ब्रेंट घाईने मध्ये पडला. तो कॉलेजात व्यवस्थापन शिकून आला होता, म्हणजे लोकांच्या मध्ये कधी पडायचं ते त्याला ठाऊक होतं, का पडायचं ते नव्हतं. त्याने नवा चाकू देऊ केला. हॅवरस्टिकने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने नवे वडील देऊ केले. त्याने अंत्यविधीच्या वेळी टेबलावर मांडलेल्या चाकूचा एक फोटो पुढे सरकवला. फोटो मोठा, रंगीत. त्यात सगळे डाग जिथल्या तिथे.

“हे परत आणा,” तो म्हणाला. “दहा दिवसांनी येईन. नाहीतर जुने चाकू जमवणाऱ्यांचं मासिक आहे, त्यात तुमच्या कारखान्याबद्दल सविस्तर लिहीन. दर महिन्याला. मला लिहायला आवडतं.”

तो गेल्यावर ब्रेंट म्हणाला, “व्हर्ना, ते मासिक आपले निम्मे ग्राहक वाचतात.”

“भिंतीवर लिहिलंय तेच मी केलं.”

“भिंतीला मी कामावरून काढू शकत नाही,” ब्रेंट म्हणाला. “दहा दिवस आहेत. नाही जमलं तर मला कुणाचं तरी नाव कळवावं लागेल.”

कुणाचं ते तिघांनाही माहीत होतं. बाहेर आल्यावर व्हर्नाने जीभ वरच्या हिरडीवरून फिरवली. विचार करताना ती असंच करायची.

आता सल्ल्यांना ऊत आला. तीस वर्षं एका कामात घालवलेल्या बाईला त्याच्या उलट काम कसं करावं हे सांगायला अख्खा कारखाना तयार होता. बक कंबर धरून आला आणि म्हणाला, “मोहरीचं पिवळं मस्टर्ड फास. आंबटाने पोलाद काळवंडतं. बोटाने ठिपके दे, वाळव, धू. झालं.”

तिने टाकाऊ पात्यावर करून बघितलं. पट्टे उठले, वाघासारखे.

“छान दिसतंय की,” बक म्हणाला.

“फोटोत बघ. त्याचा बाप साठ वर्षं पात्याला मस्टर्डचे ठिपके देत बसला होता का?”

मग कुणीतरी सुचवलं म्हणून गरम व्हिनेगरमध्ये बुडवून बघितलं. पातं सगळीकडून एकसारखं राखाडी झालं, पावसाच्या पाण्याच्या पन्हाळीसारखं. चाकू कधीच सगळीकडून सारखा वापरला जात नाही. फोटोत टोकाकडचा फुगीर, पोटाचा भाग निळा-काळा होता, मुठीजवळ फिकट, आणि नखाने पातं उघडायच्या खाचेभोवती उजळ, कारण तिथे अंगठा रोज घासला जाई. पाठीवर मधोमध एक चकचकीत पट्टा होता, तिथे तर्जनी दाबली जाई. व्हर्ना तो फोटो जेवताना समोर ठेवायची. मी घरी सांगितलं तर माझी बायको म्हणाली, दुसऱ्याच्या बापाचा फोटो समोर ठेवून जेवणारी बाई तिने पहिल्यांदाच ऐकली.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिला पाकीट आठवलं.

मोडकी स्प्रिंग चिठ्ठीला टाचलेल्या पाकिटात तशीच होती. तिला चमकवायचं कुणाला सुचलं नव्हतं. साठ वर्षं ती स्प्रिंग मुठीच्या आत, बंद पात्याखाली दबून होती. पात्यावरून जे काही निथळलं, ते तिच्यावर साठलं होतं. व्हर्नाने आगकाडीच्या टोकाने ते खरवडून पांढऱ्या कागदावर काढलं. भिंगातून बघितलं, वास घेतला. मग कागद माझ्या नाकाखाली धरला.

“सांग.”

“सफरचंद,” मी म्हणालो. सफरचंदाचा गोडसर कुबट वास या भागात प्रत्येकाला कळतो. “थोडा कांदा असेल.”

“आणि?”

मी पुन्हा वास घेतला. “तंबाखू. वडीची, गुळात घोळलेली. चघळायची.”

“अजून चघळतोस ना तू?”

“बायकोसमोर नाही.”

“मग उद्यापासून तुझ्या वडीचे तुकडे या चाकूने कापायचे. दिवसाला सहा. कापला की धुवायचा नाही, पुसायचा. आणि मला परत आणून द्यायचा.”

असा आमचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी व्हर्ना चाकूने नॉर्दर्न स्पाय जातीची आंबट सफरचंदं चिरायची. चार सफरचंदं, पातळ चकत्या, पोटाच्या बाजूने. रस पात्यावर पंधरा मिनिटं राहू द्यायचा, मग कोमट पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, तेलाचा एक थेंब. जेवणाच्या सुट्टीत पावावर बोलोन्या मांसाच्या चकत्या आणि कच्चा कांदा. दुपारी माझी तंबाखू. मधल्या वेळात ती चाकू उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची, दर वेळी खाचेत नख, पाठीवर बोट. पहिल्या दिवशी निळी झाक आली, मोराच्या पिसासारखी. तिला ती बघवेना. “नवशिका रंग आहे,” म्हणाली. दोन दिवसांत त्याचा राखाडी राप झाला, आणि मग ती जरा नीट झोपली.

सफरचंदाच्या चकत्या ती खायची कशा, तर जिभेवर ठेवून. दिवसाला चार सफरचंदं. गालफडं दुखून आली. मी म्हणालो, “टाकून दे की.”

“चिरलेलं टाकायचं? कापायचं तर खायलाच पाहिजे. नाहीतर हात तसा चालत नाही.”

हे मला तेव्हा येडेपणाचं वाटलं. आता वाटत नाही. नुसतं डागण्यासाठी चिरणारा हात पातं खाली दाबतो. खाण्यासाठी चिरणारा हात पातं पुढे ओढतो. डाग वेगळे पडतात.

सातव्या दिवशी घात झाला. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी घरून आणलेलं जेवण होतं. व्हर्नाने कांदा कापला, तेवढ्यात पाद्रीबाईंनी तिला टेबलं लावायला बोलावलं. चाकू ओलाच राहिला. संध्याकाळी बघते तर धारेजवळ नारिंगी गंजाचे तीन ठिपके. काळं-राखाडी चढलं तर पात्याला पांघरूण मिळतं. नारिंगी चढलं तर ते पातं खातं. हा फरक या धंद्यात नसलेल्यांना सांगून कळत नाही. सगळं त्यांना डागच वाटतं.

सोमवारी तिने लाकडी काडीच्या टोकाला तांबडी पूड लावून ते तीन ठिपके काढले. फक्त तेवढेच. प्रत्येक ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा. दोन तास. आजूबाजूचा राप जराही हलता कामा नये. तिथे पुन्हा रंग चढवायला उरले दोन दिवस. मी माझ्याकडून सहाचे दहा तुकडे केले. बायकोने माझ्या शर्टाच्या खिशाचा वास घेतला आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. कारखान्यासाठी मी एवढा त्याग आधी कधी केला नव्हता.

दहाव्या दिवशी हॅवरस्टिक आला. ब्रेंटने व्हर्नाला बाजूला घेऊन बजावलं, “जास्त बोलू नकोस. आपल्या खास पद्धतीने पुनरुज्जीवन केलं असं मी सांगेन.”

त्याने तसं सांगितलं. हॅवरस्टिकने चाकू उघडला, फोटोशेजारी धरला. खिडकीकडे गेला. परत आला. पाठीवरच्या चकचकीत पट्ट्यावर त्याने आपलं बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

“तोच आहे,” तो म्हणाला. “आतून वर आला परत.”

ब्रेंटने मान डोलावली. इथे व्हर्नाने तोंड मिटून उभं राहायचं होतं. आठ महिन्यांची नोकरी, चेक, वरचे सगळे दात, सगळं त्या मिटलेल्या तोंडात होतं. मी तिच्याकडे बघून डोळे मोठे केले.

“आतून काही वर येत नाही,” व्हर्ना म्हणाली. “आधीचं गेलं. मी घालवलं. हे दहा दिवसांचं आहे, साठ वर्षांचं नाही. सफरचंद, कांदा आणि तंबाखू.”

ब्रेंटने डोळे मिटले.

“माझे वडील तंबाखूला शिवत नसत,” हॅवरस्टिक म्हणाला. “चर्चचे विश्वस्त होते ते. एकोणीसशे एकसष्टला सोडली. आईला शब्द दिला होता.”

व्हर्नाने खिशातून घडी केलेला कागद आणि मोडकी स्प्रिंग काढली. टेबलावर ठेवली. “हे तुमच्या चाकूतलं आहे. याला चाक लागलेलं नाही. वरचा थर ओलसर होता, वर्षभराच्या आतला.”

त्याने कागदाचा वास घेतला. मग तो खुर्चीत बसला.

“रात्री जेवण झालं की ते गॅरेजमध्ये जायचे,” तो म्हणाला. “चाकूला धार लावायला. रोज. अर्धा अर्धा तास. आम्ही म्हणायचो, काय माणूस आहे, किती काळजी घेतो चाकूची.”

“धार बेताचीच होती,” व्हर्ना म्हणाली.

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. डोळे पुसले. “आईला हे सांगता येणार नाही. एक्याऐंशी वर्षांची आहे ती.”

“तिला माहीत असणार. खिसे तीच धूत होती ना?”

हॅवरस्टिकने चाकू मिटला आणि खिशात टाकला, फोटो मात्र तिथेच विसरला. स्प्रिंग त्याने व्हर्नाकडे सरकवली. “ही तुम्हीच ठेवा. घरात पुरावा नको.” दारात थांबून ब्रेंटला म्हणाला, “या बाईंना काही करू नका. इथे खरं बोलणारं दुसरं कुणी मला दिसलं नाही.”

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ब्रेंट कॉलेजात शिकला होता.

दोन महिन्यांनी नवा माल निघाला: ‘आजोबांचा चाकू’. नवाकोरा, पण साठ वर्षं वापरल्यासारखा दिसणारा. चकचकीत चाकूपेक्षा किंमत दीडपट. पत्रकात लिहिलं होतं: ‘प्रत्येक पात्यात एक आयुष्य.’ ते आयुष्य तयार करण्यासाठी व्हर्नाला एक खोली, तीन बायका, मस्टर्डचे डबे, व्हिनेगरचे पिंप आणि खड्यांसकट पाती घोळवणारं एक यंत्र मिळालं. एका आयुष्याला चार मिनिटं ठरवून दिली होती.

व्हर्नाने दोन अटी घातल्या. पहिली, पेटीवर चाकू याच वर्षी बनल्याचं छापायचं. ब्रेंटने ते छापलं, पेटीच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. दुसरी अट त्याला कळेचना. आधी पातं आरसा करायचं, मग डागायचं.

“जे मळवायचंच आहे ते आधी चमकवायचं कशाला?” त्याने विचारलं.

तिने दोन पाती दाखवली. खरखरीत पात्यावर चढवलेला राप ठिगळासारखा, बोट फिरवलं की निघणारा. आरशासारख्या पात्यावरचा घट्ट, खोल. “घाण नीट बसायची तर खाली स्वच्छ लागतं,” ती म्हणाली. त्यामुळे झालं असं की तिची जुनी नऊ मिनिटं तशीच राहिली आणि वर ही चार वाढली. पहाटेचे चार दहा काही बदलले नाहीत.

लोकांच्या उड्या पडल्या. पहिली तक्रार टेक्सासहून आली: पात्यावरचे डाग चित्रातल्यासारखे नाहीत, बदलून द्या. दुसऱ्या एकाने लिहिलं की त्याने चाकूने सफरचंद कापलं आणि त्यावर डाग पडला, हा दोष हमीत बसतो का. व्हर्ना ती पत्रं जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवायची, तोंडावर हात धरून.

भिंतीवरच्या वाक्याचाही प्रश्न आलाच. पुसून टाकावं तर कारखाना बघायला येणाऱ्यांना जुनी अक्षरं आवडायची. शेवटी रंगारी बोलावून ती अक्षरं अजून थोडी फिकट करून घेतली. म्हणजे खरीखुरी जुनी वाटतील.

मार्चमध्ये व्हर्नाची तीस वर्षं भरली. चेक मिळाला. त्याच आठवड्यात तिने आयुष्यातली पहिली अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि गाडी चालवायला मला घेतलं, कारण दाताच्या सुईनंतर चालवू नये म्हणतात. दवाखाना वीस मैलांवर. बरेच हेलपाटे झाले. शेवटच्या आधीच्या खेपेला रंग ठरवायचा होता.

डॉक्टर पोरगेलाच होता. त्याने छोट्या छोट्या दातांचा एक पंखा तिच्यासमोर उघडला. एका टोकाला दुधासारखा पांढरा, दुसऱ्या टोकाला चहासारखा.

“तुमच्या वयाला मी हा सुचवेन,” तो मधल्यावर बोट ठेवून म्हणाला. “किंचित पिवळसर. कडेला थोडी झीज दाखवतो, एखादी बारीक रेघ. अगदी वापरलेले वाटतात. हल्ली सगळे हेच मागतात. थोडे जास्त पडतात, पण कुणाला कळणार नाही की नवे आहेत.”

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“डाग पाडायचे जास्त?” तिने विचारलं.

“हाताने रंगवावे लागतात ना. कौशल्याचं काम आहे.”

“माहीत आहे,” व्हर्ना म्हणाली. “चार मिनिटं लागतात.” तिने पंख्याच्या टोकाचा, सगळ्यात पांढरा दात धरला आणि टेबलावर पडलेलं एक छापील पत्रक त्याच्यासमोर आणून बघितलं. अक्षर काही दिसेना, पण तिने समजून घेतलं. “हा. आणि चकाकी पूर्ण द्यायची. नवे आहेत तर नवे दिसू देत. डाग मी माझे पाडीन, मोफत.”

तीन आठवड्यांनी ते बसले. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ती गाडीत बसेना. कोटाच्या एका खिशात तिने एक नॉर्दर्न स्पाय आणलं होतं, दुसऱ्या खिशात नेहमीचा चाकू होता. तिने चाकू काढलाच नाही. सफरचंद कोटाच्या बाहीला पुसलं, तोंड उघडलं आणि अख्ख्या सफरचंदाचा असा चावा घेतला की पलीकडच्या गाडीतल्या बाईने मान वळवून बघितलं.

“आंबट आहे,” ती म्हणाली, आणि देठासकट संपवलं.